एकशेअठ्ठावीस नंतरची सोळा पानं: देवळाली, लासलगाव, सटाणा, पेठ

पेठहून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. वाजला तो माझ्या लेकीचा, शालूचा फोन. शालूला जाऊन सहा महिने झाले, पण तिचा नंबर गौरीनं चालू ठेवलाय. गौरी म्हणजे शालूची मुलगी, माझी नात. मी बोलतेय ते तीच टाईप करतेय, कारण मला अक्षर येत नाही. म्हणजे ब्लॉग तिचा आणि पाय माझे. एरवी ती इथे किल्ल्यांचं लिहिते. किती वाजता निघायचं, पाणी किती न्यायचं, कुठल्या कड्यावर उभं राहून फोटो काढायचा आणि आजीच्या पोटात गोळा आणायचा. या वेळी किल्ला नाही. चार एसटी स्टँड आहेत. ज्यांना चढ नकोय त्यांनी वाचावं.

फोनवर माणूस म्हणाला, "कंडक्टर ताई आहेत का? मी तुळशीराम, पेठच्या स्टँडवर चहाचं दुकान हाय माझं. ताईंच्या पुस्तकात एकशेअठ्ठावीस पानानंतर एकदम एकशेपंचेचाळीस आलंय. मधी काय झालं तेवढं इचारायचं होतं."

गौरीनं सांगितलं, आई गेली. मग तो "माफी करा" म्हणाला आणि फोन ठेवला.

मी मेथी बाजूला सारली. कारण मधलं काय झालं ते जगात एका मलाच ठाऊक होतं.

आता हे नीट सांगावं लागेल. शालू एसटीत कंडक्टर होती, बावीस वर्षं. गाडी डेपोत उभी असली की मांडीवर वही घेऊन लिहायची. अशी लिहून तिनं कादंबरी पुरी केली, 'बारा दहाची सटाणा'. एका प्रकाशकानं वर्षभर ठेवून घेतली आणि परत पाठवली, न उघडल्यासारखी. दुसरा म्हणाला, निम्म्या प्रती तुम्हीच विकत घ्या, मग छापतो. शालू म्हणाली, "निम्म्या मीच घ्यायच्या तर सगळ्याच मी छापते." पुस्तकावर प्रकाशनाचं नाव लागतं म्हणे. तिथे तिनं माझं नाव घातलं. सही म्हणून अंगठा उठवणारी बाई प्रकाशक झाली! मी आठवडाभर कॉलनीत सगळ्यांना सांगत हिंडले.

पाचशे प्रती. खर्च वाचावा म्हणून पानं जुळवायचं काम आम्ही घरी आणलं. पुस्तक एकदम छापत नाहीत, सोळा-सोळा पानांची एकेक घडी येते, तिला फर्मा म्हणतात. चौदा फर्म्यांचे चौदा गठ्ठे शालूनं आमच्या नाशिकरोडच्या खोलीत भिंतीकडेनं मांडले. मी गोल फिरायचं, प्रत्येक गठ्ठ्यावरची एक घडी उचलायची, चौदा झाल्या की एक पुस्तक. ते मग शिवायला बाइंडरकडे. मला आकडे वाचता येत नाहीत, म्हणून तिनं प्रत्येक गठ्ठ्यावर स्वयंपाकघरातली एकेक वस्तू ठेवली. पंख्यानं कागद उडत नाहीत आणि मला रांग कळते. पहिल्यावर सुपारी, दुसऱ्यावर हळकुंड, तिसऱ्यावर लिंबू, असं करत नवव्यावर कांदा. सुपारीपासून निघायचं आणि नारळाशी थांबायचं. शालू म्हणायची, "आई, तुझ्याइतकं सरळ पुस्तक कुणी वाचत नसेल."

एका दुपारी शालू ड्युटीवर होती आणि शेजारची मंदा आली. पोहे टाकावे म्हटलं तर घरात कांदा नाही. नाशिक जिल्ह्यात राहून कांदा नाही, सांगायचीही लाज. मी नवव्या गठ्ठ्यावरचा उचलला आणि चिरला. मंदा गेल्यावर पुन्हा फेऱ्या सुरू केल्या. ज्या गठ्ठ्यावर काही नाही तो जास्तीचा, असं धरून चालले. संध्याकाळपर्यंत साठेक पुस्तकं झाली असतील. उरलेले कागद पुढं डब्यांखाली अंथरले. चांगला जाड कागद, वाया कशाला घालवायचा?

फोननंतर मी फळीवरचे डबे उतरवले. मिठाचा, हळदीचा, तेलाची बुधली. त्यांच्याखाली शालूची सोळा-सोळा पानं, तीन वर्षं. गौरीनं एक घडी उलगडून खालचा आकडा वाचला, एकशेएकोणतीस. मग ती माझ्याकडे बघायलाच तयार होईना.

मी म्हटलं, "पिशवी काढ. शालूनं पुस्तकं कुठं कुठं दिली त्याची वही आहे ना? चल."

"आजी, कुरिअरनं पाठवू."

"चूक मी पायानं फिरून केली गं. कुरिअरनं कशी फेडू?"

देवळाली कॅम्प

नाशिकरोडवरून देवळाली जवळ, रिक्षानं गेलात तरी चालेल. आम्ही बसनं गेलो. तिथे ढग गडगडल्यासारखा आवाज मधूनच होतो, तो तोफांचा सराव. दचकू नका. बाजारात फौजी लोकांच्या बायका भाजी घेत असतात आणि तोफ उडाली तरी दोडक्याचा भाव सोडत नाहीत.

वाचनालय बाजारामागे आहे. तिथल्या बाईंनी पुस्तक लगेच काढलं. गौरीनं पानं उलटली. एकशेअठ्ठावीस, एकशेएकोणतीस, एकशेतीस. सगळी होती.

"आजी, ही चांगल्या दिवसातली प्रत."

मी म्हटलं, दे इकडं. अक्षर नसलं तरी हाताला डोळे आहेत. पाचशे पुस्तकांचा कागद या बोटांखालून गेलाय. तो खरखरीत होता, जरा पिवळट. मधली पानं गुळगुळीत लागली, आणि कडेला डिंकाचा कडकपणा. मला वाटलं, प्रेसवाल्यानं कागद बदलला असेल. पुस्तक परत दिलं.

बाईंनी शेवटचं पान दाखवलं, त्यावर नेल्याच्या तारखांचे शिक्के असतात. तीन होते. "तीन जणांनी नेलंय, आजी. आमच्याकडे नव्या लेखकाला तीन म्हणजे बरे."

मी विचारलं, "परत आणताना काय म्हणाले?"

"आजी, परत आणताना कुणी काही म्हणत नाही. उशिराचा दंड किती, एवढंच विचारतात."

परत येताना खारी-बिस्किटं घेतली. देवळालीची खारी घ्याच. शालूला आवडायची, हे दुकानात पैसे दिल्यावर आठवलं. मग ती पिशवी चार दिवस आमच्याबरोबर फिरली आणि कुणी उघडली नाही.

लासलगाव

दुसऱ्या दिवशी सकाळी लासलगाव. एसटीनं जा, निफाडवरून. तिकिटाचं सांगते. पंच्याहत्तर पूर्ण झाली की एसटीत तिकीट शून्य, आधारकार्ड जवळ ठेवा. बायकांना अर्धं. म्हणजे गौरी अर्धी आणि मी शून्य. सरकारनं आमची बरोबर किंमत केलीय.

मार्केट यार्डाबाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत आलेली. लिलाव चाललेला, व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन दाबून बघत होते. मी गौरीला म्हटलं, "बघ, एका कांद्यानं आपलं काय केलं, आणि इथं डोंगर लागलेत." ती हसली, फोन आल्यापासून पहिल्यांदा. पण धुळीनं डोळे चुरचुरत होते, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

मिसळ खा, पण यार्डाच्या जवळच्या गाडीवर. ट्रॅक्टरवाले खातात तिथे रस्सा खरा असतो.

शालूची पुस्तकं स्टँडसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात होती. दुकानदार बाफणाशेठ, माझ्याहून थोडे लहान असतील. गौरीनं पिशवीतून कागद काढायला घेतले तर ते म्हणाले, "हे कशाला? ताई देऊन गेल्या ना पानं."

"कधी?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात. गेल्या उन्हाळ्यात. पाच पुस्तकं होती माझ्याकडे, पाचांतही पानं नव्हती. तिथं त्या बाकड्यावर बसल्या आणि डिंकानं एकेक चिकटवलं. झेरॉक्स होती, पण कापून अगदी मापात आणलेली. मी म्हटलं, प्रेसवाल्याला धरा की. तर म्हणाल्या, 'जाऊ द्या शेठ, प्रेसवाला म्हातारा माणूस आहे, त्याच्या लक्षात आलं तर जिवाला लावून घेईल.'"

शेठ पुढे बोलत राहिले. पुस्तकं अशी खपत नाहीत, लोकांना स्पर्धा परीक्षेची लागतात, ताईंची म्हणून ठेवली, नाहीतर जागेला भाडं आहे. मग म्हणाले, "डोक्याला घट्ट रुमाल होता. ऊन फार आहे म्हणाल्या. चहा मागवला तर नको म्हणाल्या, तोंडाला चव नाही."

ऊन नव्हतं ते. तेव्हा तिचे केस गेले होते.

गेल्या उन्हाळ्यात शालूची ट्रीटमेंट चालू होती. दोन इंजेक्शनांच्या मध्ये जरा बरं वाटलं की ती पिशवी घेऊन बाहेर पडायची. "जरा हवा बदलून येते," म्हणायची. मी दारात उभी राहून बोलायचे. काय बोलायचे ते गौरीला टाईप करायला सांगतेय, ती नको म्हणतेय. कर. "आजारपण तुला, आणि पायाला भिंगरी. घर खातंय का तुला? कुठं उंडारायला जातेस?" ती हसायची. म्हणायची, "आई, बावीस वर्षं फिरलेय, एकदम बसले तर गंजेन."

पाच पुस्तकांत सोळा-सोळा पानं. रुमाल बांधून. त्या बाकड्यावर मीही बसले थोडा वेळ. बाकडं पंख्याखाली आहे, तेवढं बरं.

सटाणा

लासलगावहून परतताना गौरीनं गाडीत शालूची वही पुन्हा काढली. गावांच्या नावांपुढे लाल खुणा होत्या. आम्हाला वाटलं होतं, पुस्तकं दिली त्याच्या. आता कळलं, त्या पानं दिल्याच्या. देवळालीपुढे होती, लासलगावपुढे होती, सटाण्यापुढे होती. फक्त पेठच्या नावापुढे काही नव्हतं.

मी म्हटलं, "तरी सटाण्याला जाऊ." तिसऱ्या दिवशी नाशिकहून बारा दहाची गाडी धरली. पिंपळगाव, सोग्रस फाटा, देवळा, असा रस्ता. तीन तास धरा. डावीकडं बसा, डोंगर तिकडं चांगले दिसतात. हे मला शालूनं सांगितलेलं. या गाडीवर ती नऊ वर्षं होती आणि मी एकदाही तिच्या गाडीत बसले नव्हते. काही कारण नाही. राहून गेलं.

स्टँडवरच्या पेपर-पुस्तकांच्या स्टॉलवर एक बाई होती, अहिराणी बोलणारी. गौरीनं शालूचा फोटो दाखवला तशी ती म्हणाली, "ताई उनी व्हती ना उन्हाळामा. आठेच बसनी व्हती, पानं लावत." मग माझ्याकडं बघून, "तुमी मायबाई शे का तिनी?"

मी मान हलवली. तिनं दोन पुस्तकं काढून माझ्या मांडीवर ठेवली. मधली पानं गुळगुळीत. मी एका पानाची कड बोटानं दाबून बघितली, पक्की बसलेली. शालू लहानपणी पतंगाला खळ लावायची तेव्हाही अशीच, कडेपर्यंत.

परतीच्या गाडीत एक गोष्ट लक्षात आली आणि मग झोप लागली नाही. तिनं झेरॉक्स का काढल्या? खरी पानं तर घरात होती, माझ्या डब्यांखाली. डबे पुसताना कधीतरी तिला दिसलीच असणार. ती मागितली असती तर मी विचारलं असतं, कशाला. म्हणून तिनं कधीतरी मी देवळात गेल्यावर हळदीचा डबा उचलला असेल, एक घडी काढली असेल, झेरॉक्स करून पुन्हा तिथेच ठेवली असेल. वर डबा.

गौरीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आजी, आईनं मलापण नाही सांगितलं."

"तू माझी नात आहेस. तुझ्या तोंडात काही राहतं का?"

पेठ

शेवटचा दिवस पेठ. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून गाड्या आहेत, दीड-दोन तास. सावळघाटात वळणं आहेत, ज्यांना मळमळतं त्यांनी आवळा सुपारी ठेवा. थंडीत जा. घाटानंतर हवा बदलते, उतारावर कापलेल्या भाताची खाचरं दिसतात. जेवायला नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि उडदाची आमटी मिळाली तर सोडू नका.

तुळशीरामचं दुकान स्टँडच्या कोपऱ्यात. माणूस पन्नाशीचा, डोक्याला मफलर. आम्ही नाव सांगितलं तसा चहा उतू गेला तरी तो बघत राहिला.

"आजी, तुम्ही कशाला आल्या एवढ्या लांब? मी उगा फोन केला. मला काय ठावं, ताई..."

"बरं केलंस. बाकी कुणी विचारलं नाही. तू एकटाच." मग माझ्यानं राहवलं नाही. "पण दोन वर्षांमागं घेतलंस ना रे पुस्तक? आत्ता पोचलास एकशेअठ्ठावीसला?"

तो लाजला. "लय हळू वाचतो, आजी. गाडी गेली का एक पान. दुसरी आली का ठेवायचं. चौथीपर्यंतच शाळा झाली माझी."

"म्हणजे माझ्याहून चार यत्ता पुढं."

पुस्तक गल्ल्याशेजारी होतं, चहाचे डाग पडलेलं, खूण म्हणून बसचं तिकीट घातलेलं. मी पिशवीतली घडी काढून दिली. ही डब्यांखालची खरी पानं. चांगल्यातली चांगली निवडून आणली होती, तरी पहिल्या पानावर हळदीच्या डब्याचं पिवळं वर्तुळ होतं.

"हे काय, आजी?"

मग त्याला सांगितलं सगळं. कांदा, मंदा, पोहे. पहिल्यांदाच परक्या माणसाला सांगितलं. तो हसला नाही, मला वाटलं होतं हसेल. म्हणाला, "आता वाचून तरी दाखवा. तुमची नात वाचंल. माझं वाचायला महिना जाईल."

गौरी बाकड्यावर बसून वाचू लागली. आणि हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते. शालू म्हणायची, "आई, पुस्तक आलं की तुला सगळं वाचून दाखवीन." मग ड्युटी, मग आजारपण. मीही मागं लागले नाही. वाटायचं, आपल्या लेकीचं आहे, कुठं जातंय.

त्या सोळा पानांत बस बंद पडते. देवळ्याच्या अलीकडे, भर दुपारी. सगळे उतरून लिंबाखाली बसतात. एक म्हातारी असते. तिची बोलणी ड्रायव्हरला, "गाडी थांबली, की तुला झोप आली म्हणून थांबवलीस?" मग ती गाठोड्यातली भाकरी काढते, दगडावर कांदा ठेवून मुठीनं फोडते आणि सगळ्यांना वाटते. कंडक्टरबाईला म्हणते, "तू पण बस, तिकीट फाडून हात दुखत नाहीत का?" कंडक्टरबाई बसते. दुसरी गाडी येते. सगळे जातात. संपलं.

तुळशीराम म्हणाला, "म्हंजी काही झालंच नाही? मला वाटलं होतं, ती घर सोडून जाती का काय."

"नाही," गौरी म्हणाली.

"तरी बरं वाटलं," तो म्हणाला. "एवढा वेळ ती बाई एकदा पण बसली नव्हती."

गौरी मला म्हणाली, "आजी, ती म्हातारी तूच."

मी म्हटलं, "काहीतरीच. मी एवढं टोचून बोलत नाही."

त्यावर तुळशीराम हसला, गौरी हसली. मी पदर तोंडाला लावला, धूर फार होता दुकानात. अख्ख्या पुस्तकात तिनं मला एका ठिकाणी बसवलं होतं आणि तेवढंच मी डब्यांखाली घातलं. आणि ती ते चिकटवत गावोगाव हिंडली. मी म्हणत होते, उंडारतेस.

तुळशीरामनं डिंक आणला. पानं मी लावली. गौरी म्हणाली मी लावते, पण नाही दिली. कडेपर्यंत डिंक, मग मुठीनं दाबायचं. जरा वाकडी बसली. शालूच्या हाताची सर नाही. त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. आम्ही देवळालीची खारी त्याच्या दुकानात उघडली आणि तिघांनी संपवली. मऊ पडली होती.

वहीत पेठपुढे खूण गौरीनं केली. लाल पेन नव्हतं, निळं वापरलं.

घरी

आता घरी येऊन आठ दिवस झाले. फळीवर जुन्या साडीचा तुकडा अंथरलाय. उरलेले कागद पुसून, इस्त्री करून ट्रंकेत ठेवलेत. गौरी रोज संध्याकाळी पुस्तक वाचून दाखवते, पहिल्या पानापासून. तुळशीरामच्याच वेगानं चाललोय आम्ही. ती विचारते, आजी, भरभर वाचू का. मी म्हणते, नको. संपलं की काय करायचं मग.

खर्च विचाराल तर फार नाही. माझं शून्य, तिचं अर्धं, जेवण आणि मिसळ. पिशवी मात्र मजबूत घ्या.

त्या दुपारच्या साठ पुस्तकांतली सगळी दुकानांत नव्हती. काही शालूनं गाडीतच विकली, सिटावरच्या माणसांना. कोण, कुठले, वहीत नाही. ती माणसं उतरून आपापल्या गावी गेली. म्हणून हे सगळं सांगितलं. तुमच्या घरात कुठं 'बारा दहाची सटाणा' पडली असेल तर एकशेअठ्ठाविसावं पान उघडा. पुढं एकदम एकशेपंचेचाळीस असेल तर खाली लिहा, गौरी मला वाचून दाखवेल. गाव सांगा फक्त. पानं घेऊन मी येते. हळदीचा डाग असेल, तेवढा चालवून घ्या.